वाईच्या फलकावर चर्चलाही जागा हवी, आणि जुन्या दगडाला चुनाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सलग दोन-तीन सुट्ट्या आल्या की सुरूर फाट्यावरून वळलेल्या गाड्या वाईची बाजारपेठ तुंबवून पसरणीचा घाट चढतात आणि थेट महाबळेश्वरला जाऊन टेकतात. मेणवलीकडे वळणारे थोडे. जे वळतात तेही 'इथे कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालं?' एवढे विचारून, घाटाच्या पायरीवर फोटो काढून परत फिरतात. यात पाहुण्यांचा दोष कमी आहे. रस्त्यावर जे फलक आहेत त्यांवर बाण आणि किलोमीटर यापलीकडे फार काही नसते. काय बघायचे, कोणत्या वेळी बघायचे, कुठे कुलूप असते आणि किल्ली कोणाला मागायची, हे कोणी लिहून ठेवत नाही.

म्हणून हे पत्र. वाई आणि आसपासच्या गावांनी मिळून एका फेरीचा एकच फलक करावा, त्यात जुनी चर्च आणि दफनभूमी वगळू नयेत, आणि 'सुशोभीकरणा'च्या नावाखाली दगडाला ऑइल पेंट आणि सांध्यांत सिमेंट भरणे थांबवावे, एवढी मागणी आहे. चर्च कशाला, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. त्याचे उत्तर मेणवलीच्या घाटावरच टांगलेले आहे.

मेणवली वाईपासून सुमारे 3 किलोमीटर. वाई स्टँडवरून रिक्षा मिळते, पायी गेले तरी पाऊण तासात माणूस पोचतो. नाना फडणविसांना हे गाव 1768 मध्ये मिळाले. त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला, मागे कृष्णेला चंद्रकोरीसारखा घाट आणि घाटावर मेणवलेश्वराचे व विष्णूचे मंदिर. तिथल्याच छोट्या दगडी घुमटीत मोठी घंटा आहे. वजन सुमारे 650 किलो सांगतात. गावात तिला पंचधातूची म्हणतात. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि 1707 हे साल उठावात ओतलेले आहे. म्हणजे ही देवळासाठी ओतलेली घंटा नव्हे, पोर्तुगीज चर्चची. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली 1721 सालची घंटा त्यांतलीच. 'ही घंटा नानांनी वसईहून आणली' असे घाटावर कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. नानांचा जन्म 1742 चा, वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते.

या घंटेपाशी बहुतेक लोक एकच गोष्ट करतात, ती म्हणजे टोल देणे. बघत कोणी नाही. बघायची तर मोबाइलची बॅटरी घंटेच्या अंगाला जवळजवळ चिकटवून तिरकी धरावी. समोरून प्रकाश टाकला की सगळे सपाट दिसते. तिरक्या उजेडात मरियमच्या पदराच्या चुण्या, बाळाचे डोके आणि सालाचे आकडे सावलीसकट वर उठतात. अक्षरे नीट वाचता यावीत म्हणून काही जण खडू किंवा पीठ चोळतात. ते करू नये. पीठ खाचांत बसते, दमट हवेत त्यावर बुरशी येते आणि धातूवर डाग राहतो. हळदकुंकवाचे आणि तेलाचेही तेच. श्रद्धेने वाहायचेच असेल तर घंटेखालच्या दगडावर वाहा, अंगावर नको.

टोल देण्याबद्दल दोन शब्द जास्त. चर्चच्या घंटेच्या काशात, म्हणजे तिच्या मिश्रधातूत, साधारण 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील असते. कथील इतके असल्यामुळेच तिचा नाद लांबतो, आणि त्याच कारणाने ती ठिसूळही असते. आत लोंबणारा गोळा खालच्या जाड कडेवर आपटावा अशीच तिची घडण असते. वरच्या पातळ भागावर दगडाने किंवा लोखंडी गजाने मारले की बारीक तडा जातो. तडा गेलेली घंटा बसक्या आवाजात बोलते आणि साध्या वेल्डिंगने ती पुन्हा नीट होत नाही, उलट तडा लांबतो. एकाच जागी वर्षानुवर्षे आपटून कड झिजली की युरोपात घंटा पाव फेरा फिरवून टांगतात, म्हणजे नवी जागा मार खाते. आपल्याकडे निदान शाळेच्या सहलीतल्या साठ मुलांनी ओळीने टोल देणे तरी थांबवता येईल. रंगाचा हात तर कोणत्याही घंटेला नकोच. थर बसला की नाद दबतो आणि नक्षी बुजते.

वाडा खासगी मालकीचा आहे, हे ध्यानात ठेवून जावे. तो उघडा आहे का, हे वाईत आधी विचारून घेतलेले बरे. आत गेल्यावर लाकडी खांबांपेक्षा जास्त वेळ भित्तिचित्रांना द्या. नैसर्गिक रंगांत रंगवलेल्या त्या भिंतींवर हात फिरवायचा नाही, टेकून उभे राहायचे नाही, फ्लॅश मारायचा नाही. घामाचा हात एकदा लागला की काही होत नाही, पण हजार हात लागले की खांद्याच्या उंचीचा एक पट्टाच पुसला जातो. कुठल्याही जुन्या वाड्यात असा पट्टा बघायला मिळेल. इतिहास वाचणाऱ्यांना या वाड्याचे नाव वेगळ्या कारणाने माहीत असते, ते म्हणजे मेणवली दप्तर. नानांच्या हातचे हजारो मोडी कागद इथून द. ब. पारसनीस यांच्या प्रयत्नांनी उजेडात आले. त्यांनी साताऱ्यात जमवलेला ऐतिहासिक संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

मेणवलीहून तसेच पुढे धोमला जावे. नरसिंहाचे देऊळ आणि धोमेश्वर एकाच आवारात आहेत. इथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला असून भोवती कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंड भरलेले असेल तर पाकळ्यांचा आकार खरा दिसतो. कोरड्या दिवसांत कुंडात उतरून फोटो काढणारे पाकळ्यांच्या कडा पायांनी झिजवतात, तेवढे करू नये. वाईच्या उत्तरेला लोहारे गावची लेणी आहेत, पालपेश्वर म्हणून आज तिथे महादेवाची पूजा होते, मूळची मात्र बौद्ध. चढ फार नाही, पण आग्यामोहोळ बसलेले असू शकते. सेंट-अत्तर लावून जाऊ नये, धूर-उदबत्ती करू नये, आणि माश्या घोंगावू लागल्या तर हातवारे न करता तोंड झाकून सरळ खाली उतरावे.

वाईच्या सात घाटांबद्दल लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. इथे एकच गोष्ट सांगतो. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. भाविक पुढून दर्शन घेऊन निघतात. फेब्रुवारीनंतर नदी आटली की पात्रात उतरून देवळाची पाठ बघावी. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती पुढे काढली आहे. कृष्णेचा पूर त्या टोकावर फुटतो आणि दोन बाजूंनी निघून जातो, पाण्याचा लोंढा सपाट भिंतीवर आदळत नाही. असले शहाणपण फलकावर दोन ओळींत लिहिता येते. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ थोडे आधीचे, 1757 चे.

आता घाट चढूया. वाई ते पाचगणी सुमारे 12 किलोमीटर, तिथून महाबळेश्वर 19. एसटी भरपूर आहेत, त्यामुळे गाडी काढण्याचे कारण नाही. सुट्टीच्या दिवशी तर एसटीनेच लवकर पोचाल, कारण पार्किंग शोधण्यात जाणारा तास वाचतो.

पाचगणी 1860 च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने वसवली. त्याची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. टेबल लँडवर घोड्यावर बसणाऱ्या शंभरांतला एकही तिथे फिरकत नाही. महाबळेश्वरच्या बाबतीत गोष्ट जरा आधीची. 1824 मध्ये लॉडविक हा अधिकारी या पठारावर चढला, त्याच्या नावाचा पॉइंट आहेच. 1829 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा इंग्रजांकडे घेतली, म्हणून जुन्या कागदांत 'माल्कम पेठ'. मुंबई इलाख्याचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ 1831 मध्ये इथेच वारला, त्याच्या नावाचा दगडी स्तंभ उभा आहे. अँग्लिकन ख्राइस्ट चर्च 1842 चे. त्याच्या रंगीत काचा हे तिथे जाण्याचे मुख्य कारण.

चर्च बघण्याचा वेळ महत्त्वाचा. अँग्लिकन चर्चमध्ये वेदी पूर्वेला ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे वेदीमागच्या खिडकीच्या काचा सकाळीच पेटल्यासारख्या दिसतात, दुपारनंतर त्याच काचा मरगळतात. सकाळी साडेआठ ते दहा हा वेळ उत्तम. मात्र रविवारी नेमकी याच वेळात उपासना असते. उपासना चालू असताना मागच्या बाकावर शांत बसायला कोणी मनाई करत नाही, पण कॅमेरा घेऊन मधल्या वाटेने फिरणे हा उद्धटपणा झाला. एरवी दार बंद असेल तर कुलूप हलवत बसू नका. पाळकसाहेबांचे घर किंवा वॉचमनची खोली बहुधा आवारातच असते, तिथे जाऊन विचारा. कॅथलिक चर्च असेल तर फादरना विचारा, तिथे मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळा दारावर लिहिलेल्या असतात. वेदीपुढचा कठडा ओलांडायचा नाही. चपला काढायच्या की नाही, हे दाराशी बघावे. आधीच्या जोड्यांची रांग दिसली तर काढाव्यात, नाहीतर गरज नाही.

जुन्या दफनभूमीत गवत गुडघ्याच्या वर असते, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बूट आणि लांब पँट हवीच, सापाचे भय खरे आहे. संगमरवरी पाट्यांवर पुष्कळदा अक्षरे गायब दिसतात. ती कोरून त्यांत शिसे भरलेले असते, आणि शिसे पकडून राहावे म्हणून अक्षराच्या खाचेत बारीक भोके पाडलेली असतात. शिसे गळून पडते किंवा कोणी काढून नेते, भोके राहतात. त्या भोकांची ओळ सावकाश जोडत गेले की नाव आणि साल वाचता येते. इथेही तिरका उजेडच कामी येतो. ऊन समोरून येत असेल तर आरसा किंवा स्टीलचे ताट धरून उजेड बाजूने पाडावा. शेवाळ काढायला तारेचा ब्रश आणि ॲसिड वापरणारे महाभाग भेटतात. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिड टाकले की फेस येऊन दगडच विरघळतो आणि पाच मिनिटांत दीडशे वर्षांची अक्षरे जातात. साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, बस. काही परदेशी कुटुंबे पूर्वजांची कबर शोधत येतात. त्यांना गावाने एवढे तरी सांगावे की मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याकडची कबर आणि तिकडची नोंद जुळली की तो माणूस पुन्हा येतो आणि दोन दिवस राहतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चर्च म्हटले की ते फक्त गोऱ्या साहेबांचे, असे आपण धरून चालतो. सातारा जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा इतिहास निराळा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम साताऱ्यात आणि वाईत होते, वाईचे मिशन हॉस्पिटल त्यातूनच उभे राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. 1919 मध्ये ते वारले, पण त्यांची भजने आजही मराठी उपासनेत पेटी-तबला-टाळाच्या साथीने म्हटली जातात. कोणा पाहुण्याला ख्रिसमसच्या आसपास अशी एखादी भक्तिसभा ऐकायला मिळाली, तर काचा आणि कमानींपेक्षा ती जास्त लक्षात राहील. सांगलीकरांनी असाच फलक करायचा म्हटला तर मिरजेपासून सुरुवात करावी. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेले मिशन हॉस्पिटल आणि मीरासाहेबांचा दर्गा एकाच गावात आहेत, आणि दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर.

परतीच्या वाटेवर साताऱ्याकडे जाणार असाल तर लिंबची बारामोटेची विहीर चुकवू नका. महामार्गावर लिंब फाट्याला उतरायचे, तिथून गाव दोन-तीन किलोमीटर. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. शिलालेखात शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 असा काळ येतो. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून चौकोनी विहीर, आणि दोन्हींच्या मधे जमिनीखाली चक्क महाल. वरून पाहिले की शिवलिंगाचा आकार दिसतो. एका वेळी बारा मोटा चालत. मोट ओढणारी बैलजोडी उतरत्या धावेवरून पुढे जायची, चामड्याची मोट भरून वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि बैल मागे सरत वर यायचे. आजच्या मुलांना हे शब्दांत कळत नाही. फलकावर मोटेचे एक रेखाचित्र काढावे, शंभर ओळींचे काम होईल. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, रबरी तळाची स्लीपर घालून उतरणे म्हणजे हाडे मोडून घेणे. आतल्या कठड्यांवर बसून पाय सोडू नयेत. वेळ उरला तर क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आणि विश्वेश्वराचे देऊळ. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधीही तिथे आहे. लहान मुले सोबत असतील तर बाकी देवळांपेक्षा तीच त्यांना आवडते, असा अनेकांचा अनुभव आहे.

आता डागडुजीचे. हा भाग रुक्ष वाटेल, पण नुकसान इथेच होते.

जुन्या दगडी भिंती दोन दर्शनी थरांच्या असतात आणि मधे चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव. पाऊस, जमिनीची ओल, सगळे थोडे थोडे आत शिरतच असते. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडून वाळते. सांध्यात सिमेंट भरले की ही वाट बंद होते. मग ओल दगडातून बाहेर पडू बघते, सोबत क्षार आणते, दगडाचे पापुद्रे सुटतात. आतला चुना धुऊन जातो, भराव खाली बसतो आणि काही वर्षांनी भिंतीला पोट येते. गवंडी म्हणतो भिंत जुनी झाली होती, पडणारच. खरे म्हणजे ती दुरुस्तीने पडलेली असते. महाबळेश्वरात तर 5500 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दगड जांभा. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. तिथे बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. आपल्या जुन्या माणसांनी पावसाआधी घरांना गवताच्या झडी बांधण्याची रीत ठेवली होती, ती उगीच नाही. चर्चच्या उतरत्या छपरांवरही पावसाआधी एकच काम नेमाने व्हावे लागते, पन्हळी साफ करणे. पानांनी पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यात उतरते, आणि रंगीत काचेच्या खिडकीला बहुधा तिथूनच धक्का बसतो. काचा धरणारी शिशाची पट्टी थकून काच फुगलेली दिसली तर एम-सील किंवा सिलिकॉन भरू नका, ते पुन्हा निघत नाही आणि काच सोबत फुटते. बाहेरून पॉलिकार्बोनेट बसवायचे तर काचेपासून बोट-दोन बोट अंतर आणि वर-खाली हवेला वाट ठेवून बसवा. घट्ट बसवले की आत घाम धरतो.

चुन्याचे काम अवघड नाही, सावकाश आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान महिनाभर मुरू द्यावा. कच्चा चुना भिंतीत गेल्यावर फुलतो आणि गिलाव्याला फोड येतात. मुरलेला चुना एक भाग, विटांची सुरखी (भुकटी) एक भाग, चाळून धुतलेली वाळू दोन भाग, हे चुना मळायच्या घाणीत किंवा मिक्सरमध्ये चिकट होईपर्यंत मळावे. हिरड्याचे पाणी आणि थोडा गूळ घालतात, त्याने चिवटपणा येतो. जुना सांधा सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, कंप्रेसरने धूळ न उडवता ब्रशने काढायची, दगड ओला करायचा आणि माल दाबून भरायचा. सांधा दगडाच्या किंचित आत ठेवायचा, वर सारवून पसरवायचा नाही. मग ओले गोणपाट लावून 10 ते 15 दिवस तराई. हे काम जून ते सप्टेंबर करू नये, आणि कडक उन्हातही नको. एप्रिलच्या दुपारी भरलेला सांधा सुकण्याआधी तडकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. ठेकेदार मार्चअखेरीचे बिल लावण्यासाठी घाई करतो, तिथे गावाने ठाम राहावे.

ज्या वास्तूवर आधीच ऑइल पेंट बसला आहे, तिथे सँडब्लास्टिंगचा सल्ला हमखास मिळतो. वाळूचा तो मारा रंगाबरोबर पाथरवटाच्या टाकीचे घावही खाऊन टाकतो, आणि दगडाचा वरचा कठीण थर गेला की पुढे तो झपाट्याने झिजतो. रंग काढणाऱ्या लेपाने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोडा थोडा काढणे हाच मार्ग आहे. त्याला पैसे आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. पैसे नसतील तर तूर्त तसेच राहू द्यावे, वर नवा हात तेवढा देऊ नये.

पिंपळाचे रोपटे भिंतीत दिसले की ते वीतभर असतानाच काढावे. हाताएवढे खोड झाल्यावर ओढून काढले तर दगडांसकट येते. वरून छाटले तर मुळे दुप्पट जोमाने आत शिरतात. खोड कापून, बुंध्याला भोके पाडून त्यात मूळ मारणारे औषध भरावे लागते, मूळ पूर्ण सुकल्यावरच मोकळे झालेले दगड चुन्यात बसवावेत. नुसते भोक सिमेंटने बुजवले तर पिंपळ दुसरीकडून डोके काढतो. दरवर्षी दिवाळीनंतर गावातल्या चार पोरांनी शिडी घेऊन एक फेरी मारली तर या खर्चाची वेळच येत नाही.

कोणतेही काम काढण्यापूर्वी वास्तू संरक्षित आहे का, हे तपासावे. राज्य संरक्षित असेल तर 1960 च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय काम करता येत नाही, हौशी श्रमदानही नाही. संरक्षित नसेल तर जबाबदारी मालकाची आणि गावाची. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरतेच. एका सभेत ठराव करून तो 'क' वर्ग पर्यटनस्थळाच्या प्रस्तावासह जिल्हा नियोजन समितीकडे पाठवता येतो. अडचण अशी की प्रस्तावात देऊळ, वाडा आणि नदी येते, आणि चर्च किंवा दफनभूमी 'त्यांची' म्हणून राहून जाते. ठरावाच्या यादीत ती नावाने लिहावीत, मंडळीच्या पाळकांची लेखी संमती जोडावी, आणि निधीच्या अंदाजपत्रकात 'रंगकाम' असा मोघम शब्द न घालता 'चुन्यातील सांधेभराई', 'पन्हळ दुरुस्ती', 'काचेच्या खिडकीची शिशाची पट्टी' असे नेमके लिहून घ्यावे. मोघम लिहिले की ऑइल पेंट येतो.

फलकाबद्दल शेवटचे. तो वास्तूच्या दर्शनी भिंतीत खिळे ठोकून लावू नये. गंजणारा लोखंडी खिळा फुगतो आणि दगडाला चीर पाडतो. रस्त्याच्या कडेला स्वतंत्र खांबावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, थोडा कलता. मजकूर मराठीत मोठ्या अक्षरांत. त्यावर नकाशा, प्रत्येक ठिकाणचा वेळ, रविवारच्या उपासनेची वेळ, किल्ली कुठे मिळेल ते, शौचालय कुठे आहे ते, आणि मेणवलीच्या घंटेशेजारी एक लहान पाटी: उजेड तिरका धरा, पीठ-खडू लावू नका, टोल देऊ नका.

आपले,
वाई परिसरातील काही वाचक
(जि. सातारा)